जमिनीचा कस आणि जमिनीचा हक्क

शेतीसंबंधी लिहिताना आपले लेखक-कार्यकर्ते बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरतात. जमीन कोणाकडे किती आहे, आणि मजुरी किती मिळते. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु जमीन सुपीक कशी राहते, तिचा कस कोण राखतो, त्यासाठी कोणाचे श्रम खर्ची पडतात, हा विषय आपण शेतीखात्याच्या पत्रकांवर आणि कृषी महाविद्यालयांच्या क्रमिक पुस्तकांवर सोडून दिला आहे. परिणाम असा झाला की 'कंपोस्ट खत करा, पिकांची फेरपालट करा, जमिनीचे आरोग्य सुधारा' हा उपदेश जातिव्यवस्थेच्या आणि मालकीहक्काच्या बाहेरचा, निव्वळ शास्त्रीय आहे, असा समज रूढ झाला. या समजाची तपासणी व्हावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. जमिनीचा कस हा मुळात हक्काचा प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे. माझ्या पहूर गावाच्या आणि खानदेशच्या इतिहासावरून ते मांडण्याचा प्रयत्न करतो.

१

पहूर हे जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातले, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी त्याची दोन अंगे आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत येणारी वाघूर नदी गावाजवळून उत्तरेला तापीकडे जाते. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची रांग आहे. या भूगोलामुळे परिसरात दोन प्रकारच्या जमिनी पडल्या. नदीकाठची आणि सखल भागातली खोल काळी जमीन. आणि डोंगराकडच्या उताराची हलकी, मुरमाड, बरड जमीन. पहिली ओल धरून ठेवते. तिच्यात कपाशी येते, विहीर असेल तर केळी येते, आणि पावसाळ्यानंतरच्या ओलीवर दादर ज्वारी आणि हरभरा येतो. दुसरीतली माती दर पावसाळ्यात वाहून खालच्या जमिनीत जाते. म्हणजे वरच्या जमिनीचा कस खालच्या जमिनीला आयता मिळतो.

आता कोणती जमीन कोणाकडे हे पाहिले की सामाजिक उतरंड आणि मातीची उतरंड यांची जोडी दिसू लागते. सखल काळीचे मालक गावचे वतनदार आणि मोठे शेतकरी. बरडावर, गायरानाच्या कडेला, जंगलाच्या हद्दीवर कसणारे बौद्ध, मातंग, भिल्ल आणि तडवी. याला तुरळक अपवाद सापडतील. पण कोणत्याही गावाच्या शिवारातून एकदा चालून गेले तरी हे चित्र डोळ्यांना दिसते. समाजात वर असलेल्याकडे सखल जमीन आणि समाजात खाली ढकललेल्याकडे चढाची जमीन, असा हा उलटा नकाशा आहे.

२

जुन्या ग्रामव्यवस्थेत जमिनीला खत कसे मिळत होते, याचे गोड वर्णन अनेकांनी केले आहे. घरोघरी गुरे, गुरांचे शेण उकिरड्यात, उकिरड्याचे खत उन्हाळ्यात गाड्यांनी शेतात. कापणीनंतर धनगरांचे कळप यायचे, शेतात रात्री मेंढ्या बसवायचे, आणि त्या मोबदल्यात धान्य मिळायचे. पिकांची फेरपालट तर शेतकऱ्याच्या भाषेतच मुरलेली होती. त्यासाठी 'बेवड' हा नेमका शब्द आहे. आधीच्या पिकाने मागे ठेवलेला गुण तो बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, मुगाचा बेवड चांगला, हे निरक्षर कुणब्यालाही माहीत होते. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात, हे युरोपात १८८० च्या दशकात प्रयोगाने सिद्ध झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे कपाशीत तुरीचे तास पेरत होते.

ही फेरपालट आणि खत या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कपाशीनंतर ज्वारी आली की कडबा मिळे. कडब्यावर बैल जगत, बैलांचे शेण पुन्हा कपाशीला जाई. ज्वारीच्या काढणीत मजुराला कणसे मिळत, आणि रानात पडलेला सरवा वेचून भूमिहीन बायका चार दिवसांची भाकर करत. एका पिकाच्या पालटावर बैल, शेत आणि मजुराची चूल असे तिन्ही अवलंबून होते.

हे सर्व खरे असले तरी त्याला सुवर्णयुग म्हणण्यास माझी तयारी नाही. कारण या व्यवस्थेतील घाण उपसण्याचे काम जन्मावर वाटून दिलेले होते. गावात जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम महारांचे. चावडी झाडायची त्यांनी. मालकाच्या गोठ्यातले शेण भरून उकिरड्यात टाकायचे सालदाराने. आणि खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होऊन आखाजीलाच संपे. महारांच्या वतनी जमिनीला हाडकी, हाडोळा अशी नावे होती. मेलेली जनावरे जिथे टाकायची त्या जागेशी जोडलेली ही नावे. शब्दातच हाड आहे. हाडांत स्फुरद असते आणि पिकाला ते लागते, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. परंतु त्या काळी हाडाला हात लावणारा बाटलेला ठरे, आणि ज्या शेणाने सोवळ्यातले घर सारवले जाई ते शेण गोठ्यातून उचलणारा हात मात्र विटाळाचा ठरे. शेण पवित्र आणि शेण वाहणारा अपवित्र, ही विसंगती धर्मशास्त्राला कधी टोचली नाही. आज देशी गायीच्या महात्म्याची प्रवचने देत सेंद्रिय शेतीचा प्रचार करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे.

३

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस कमी पडू लागला आणि खानदेशच्या कपाशीला एकाएकी भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. सरकारने भडगावला प्रायोगिक शेत काढले, हिंगणघाटचे बियाणे खानदेशात आणले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा ते जामनेर ही छोटी रेल्वे झाली आणि पहूरला स्थानक मिळाले. लोक तिला 'पीजे' म्हणत. शंभर वर्षे ती चालली आणि २०२० साली बंद पडली. या गाडीने आमच्या भागातला कापूस जगाच्या बाजारात नेला.

कपाशीने जमीन खंगते, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धे खरे आहे. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ती कितीही परदेशी गेली तरी तिच्याबरोबर जमिनीतले नत्र-स्फुरद फारसे जात नाही. ते असते सरकीत, पानांत आणि पऱ्हाट्यांत. सरकी आणि तिची पेंड गावातल्या गुरांना मिळाली, पाला शेतात पडला, पऱ्हाट्या कुजवून परत घातल्या, तर कपाशीचे रान एवढे खंगणार नाही. पण सरकी व्यापाऱ्याकडे गेली आणि पऱ्हाट्या चुलीत गेल्या. चुलीत कोणाच्या? ज्यांच्याकडे बांध नाही, बांधावरचे झाड नाही, आणि जंगलखात्याने डोंगर बंद केल्यामुळे सरपण नाही, त्यांच्या. कपाशी उपटून पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावरून आणणाऱ्या बायका आमच्या वाड्यातल्याच होत्या. रस्त्यावरचे शेण गोळा करून गोवऱ्या थापणारी माझी आजीही त्यातलीच. तिला 'शेण जाळू नका, खत करा' असे सांगणे म्हणजे चूल विझवा असे सांगणे होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. मातीच्या प्रश्नाचा एवढा मूलगामी विचार त्या काळात दुसऱ्या कोणा भारतीय सुधारकाने केलेला माझ्या वाचनात नाही. जंगलखात्याने गायराने-डोंगर ताब्यात घेतले, त्यामुळे गुरे घटली, गुरे घटली म्हणून खत घटले, हा कार्यकारणभाव त्यांनी स्पष्ट मांडला. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या किड्यांचे आणि जनावरांचे कुजलेले अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांना जाऊन फुकट जातात, ते शेतात मुरावेत म्हणून सरकारने आपल्या रिकाम्या पोलिसांकडून आणि पलटणींकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, ही त्यांची सूचना आहे. माती अडवणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे, असे जोतीराव म्हणत होते.

याच सुमारास सरकारनेही चौकशी केली. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ साली हिंदुस्थानात आले, वर्षभराहून अधिक काळ फिरले, आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी नाही, सरपण नाही म्हणून तो शेण जाळतो, तेव्हा गावोगाव सरपणाची आणि चाऱ्याची राखीव जंगले करा, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. या व्होल्कर साहेबांचे नाव पुन्हा एकदा घ्यावे लागणार आहे, म्हणून वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

४

आज जगभर ज्याला कंपोस्टची शास्त्रीय पद्धत म्हणतात, तिचे एक मूळ कपाशीच्याच काळ्या जमिनीत, सातपुड्यापलीकडे इंदूरला आहे. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला सुमारे ३०० एकरांवर वनस्पतिउद्योग संस्था उभी केली. मध्यवर्ती कापूस समितीचा पैसा तिला मिळाला होता. १९३१ सालापर्यंत त्यांनी तेथे पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ढीग उलथून, सुमारे तीन महिन्यांत कुजलेले खत तयार करण्याची रीत बसवली. तिला इंदूर पद्धत असे नाव पडले. १९३१ सालचे त्यावरचे पुस्तक हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. पण जगाने हॉवर्ड लक्षात ठेवले आणि वाड विसरले.

पऱ्हाट्या टणक असतात, लवकर कुजत नाहीत. हॉवर्ड यांनी त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या आणि मग खड्ड्यात घातल्या. युक्ती साधी होती. परंतु तिच्यामागे काय होते? सलग जमीन, संस्थेचे बैल, पाण्याची सोय, आणि ढीग उलथायला रोजंदारीवरचे मजूर. इंदूर पद्धतीने शास्त्र सिद्ध केले. हे शास्त्र ज्याच्याकडे ना जमीन, ना बैल, त्याच्यापर्यंत कसे जावे, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

शहरांची गोष्ट याहून उघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे-नाशिकच्या नगरपालिका मैल्याचे खत करून विकू लागल्या. पुण्याजवळच्या उसाला ते मोठ्या प्रमाणात गेले. त्याला नाव मिळाले सोनखत. १९३९ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला यांचे थर चरांत देऊन खत करण्याची पद्धत काढली, आणि 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेत ती नगरपालिकांतून पसरली. हे सोने डोक्यावरच्या पाटीतून कोणी वाहिले, हे सांगण्याची गरज नाही. खताचा भाव नगरपालिकेच्या हिशेबात जमा झाला, ऊस बागाईतदाराच्या घरात गेला, आणि पाटी वाहणाऱ्याच्या जातीला एक गुंठा जमीनही त्यातून मिळाली नाही. हाताने मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले, तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला, आणि तरीही गटारात उतरून माणसे मरतच आहेत. खताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे पान गाळलेले आहे.

५

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतीवर जे लिहिले ते आपल्या चळवळीतसुद्धा पुरेसे वाचले जात नाही. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही. तिच्यावर लावायला अवजारे, जनावरे आणि भांडवल किती आहे यावर ते ठरते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दोन एकर जमीन देऊन हातात काहीच न देणे म्हणजे शेती देणे नव्हे, हे त्यातून निघते. १९२७ साली महाडला मृतमांस सोडण्याचा आदेश आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे बिल, या दोन्ही गोष्टी याच विचारातल्या आहेत. हाडकीच्या तुकड्यासाठी गावाची घाण उपसण्याचा करार त्यांना मोडायचा होता.

याचा कळस १९४७ सालच्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या त्यांच्या निवेदनात आहे. शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक कसणुकीसाठी द्यावी, कोणी जमीनदार, कोणी कूळ, कोणी भूमिहीन मजूर असे उरू नये, अशी ती योजना आहे. आणि त्या शेतीला पाणी, ओढीची जनावरे, अवजारे, बी-बियाणे आणि खत पुरवण्याचे बंधन राज्यावर घालावे, असे बाबासाहेब तेथे लिहितात. खत हा शब्द घटनात्मक हक्कांच्या मसुद्यात त्यांनी घातला आहे, याचे महत्त्व आपण ओळखलेले नाही. जोतीरावांनी माती अडवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली, बाबासाहेबांनी मातीत कस भरण्याची.

घटनेत ही योजना आली नाही. महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, आणि पुढच्या दोन पिढ्यांत एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे चढली. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात खानदेश आघाडीवर होता. १९६४ साली तो देशभर झाला. १९७२ नंतर शहाद्याकडे श्रमिक संघटनेने भिल्लांच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला. १९९१ च्या शासननिर्णयाने गायरानावरची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाच्या योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याचे धोरण आहे. हे सारे लढ्याने मिळवले आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र गायरान म्हणजे गावाने नांगराच्या लायकीची न मानलेली जमीन, आणि योजनेत मिळते ती शासनाच्या दरात कोणी विकायला काढलेली. म्हणजे ज्या जमिनीला खताची सर्वांत जास्त गरज, तीच आमच्या वाट्याला. आणि ज्याच्याकडे खत करायला गुरे नाहीत, त्याच्याच हाती ती येते.

६

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली माणसे दुष्काळी कामांवर गेली. माझी माय त्यांत होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि ही कामे चालूच राहिली. समपातळी बांध, नालाबंडिंग, पाझर तलाव. जोतीरावांनी पलटणींना सांगितलेले काम अखेर भूमिहीन बायकांनी टोपल्यांनी केले. त्या बांधांनी माती अडवली, पाणी मुरले, विहिरींना पाझर फुटले. कोणाच्या? ज्यांची जमीन होती त्यांच्या. मजुराला दिवसाची मजुरी मिळाली आणि मालकाला पिढीचा कस मिळाला. या कामाने माणसे जगली हे मान्य. परंतु जमीन सुधारण्याच्या कामात श्रम एकाचे आणि सुधारणा दुसऱ्याची, ही हाडकीच्या काळची रीत तेथेही मोडली नाही.

हीच गोष्ट बटाईत अधिक स्पष्ट होते. १९८० च्या दशकात माझ्या बापाने एका शेतमालकाचे चार एकर निम्म्या बटाईने केले. दुसऱ्या वर्षी त्याने उन्हाळाभर उकिरडे उपसून दहा गाड्या खत त्यात घातले, आणि कपाशीऐवजी एका तुकड्यात मूग घेऊन नंतर दादर पेरली. मायने विचारले, "दुसऱ्याच्या रानात एवढं कशाला?" बाप म्हणाला, "रान कोनाचंबी असो, पीक तर आपल्या हातचं हाये." तिसऱ्या आखाजीला ते रान दुसऱ्याला दिले गेले. कसदार झालेले रान पाहून नव्या बटाईदाराने जास्त वाटा कबूल केला होता. यात मालकाने कायद्याविरुद्ध काही केले नाही. कारण कागदच नव्हता.

याचा हिशेब करून पाहू. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र धरतात. दहा गाड्या म्हणजे अदमासे ५ टन. त्यात सुमारे २५ किलो नत्र. आज ४५ किलोची युरियाची एक गोणी घेतली तर तिच्यात जवळजवळ २१ किलो नत्र असते, ती तीनशे रुपयांच्या आत मिळते आणि एक माणूस सायकलवर आणतो. शिवाय युरियाचा परिणाम त्याच हंगामात दिसतो. शेणखताचा थोडाच भाग पहिल्या वर्षी पिकाला लागतो, बाकीचा पुढच्या दोन-तीन हंगामांत मिळतो. त्याचा खरा गुण नत्रात नाहीच. त्याने जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो, माती भुसभुशीत होते, ओल टिकते, पावसाने ताण दिला तरी पीक तग धरते. पण हा गुण वर्षांनी मोजायचा असतो. ज्याचा करार एका आखाजीपुरता, त्याने तीन वर्षांचे खत का घालावे? बटाईदार युरियाच टाकतो तो अज्ञानामुळे नव्हे. त्याच्या हक्काची मुदत जेवढी, तेवढ्याच मुदतीचे खत तो घालतो.

१९४८ च्या कुळकायद्याने आणि १९५७ च्या कृषकदिनाने कसेल त्याची जमीन हे तत्त्व मान्य केले. त्याचा लाभ झाला तो ज्यांची नावे कुळ म्हणून कागदावर होती त्यांना. दलित आणि आदिवासी कसणारा बहुधा सालदार म्हणून किंवा तोंडी बटाईने कसत होता. त्यानंतर मालकांनी धडा घेतला तो एवढाच की एका माणसाला जमिनीवर फार वर्षे राहू द्यायचे नाही. पिकांची फेरपालट थांबली आणि बटाईदारांची फेरपालट सुरू झाली.

आता व्होल्कर साहेबांकडे वळू. १८८३ साली, म्हणजे जोतीरावांनी असूड पुरा केला त्याच वर्षी, इंग्लंडच्या संसदेने शेतजमिनीच्या कुळांसाठी कायदा केला. जमीन सोडून जाणाऱ्या कुळाने घातलेल्या खताचा जो गुण जमिनीत शिल्लक आहे, त्याची भरपाई मालकाने द्यायची, असे त्यात बंधनकारक झाले. ही शिल्लक कशी मोजावी याची कोष्टके १९०२ साली ज्या दोन शास्त्रज्ञांनी तयार केली, त्यांपैकी एक हेच व्होल्कर. म्हणजे खताची शिल्लक मोजता येते, ती घालणाराची मालमत्ता आहे, हे इंग्रज राज्यकर्त्यांना पक्के माहीत होते. आपल्या कुळांना त्यांनी ते दिले. हिंदुस्थानातल्या बटाईदाराला दिले नाही. आणि स्वातंत्र्यानंतरही तोंडी बटाईने कसणाराच्या हाती या शिल्लकेचा दावा करायला काही पडले नाही.

७

आजची स्थिती काय आहे? २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत जळगाव जिल्ह्यात कपाशीवर कपाशी हा रिवाज झाला. ज्वारी मागे हटली, कडबा गेला, ट्रॅक्टर आला, बैल गेले, शेण गेले. गायरान दलितांनी कसले म्हणून गुरे घटली, असा आरोप होतो. पण गुरांचा चारा कपाशीने आणि बैलांचे काम ट्रॅक्टरने घेतले, हे आरोप करणारे सांगत नाहीत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशी पोखरली. त्यावर शास्त्रज्ञांनी सांगितलेला उपाय पुन्हा जुनाच: फरदड घेऊ नका, हंगाम वेळेवर संपवा, पीक बदला. हा उपाय योग्य आहे. परंतु ज्याने रोख खंडाने रान घेतले आणि खंडाचा आकडाच कपाशीच्या भावावर ठरला, तो मूग पेरून खंड कोठून फेडणार?

उपाय नाहीत असे नाही. यवतमाळच्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसवलेल्या नाडेप पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात सुमारे १०० किलो शेण, १४०० ते १५०० किलो काडीकचरा आणि त्याहून थोडी अधिक माती यांचे थर देतात. तीन-चार महिन्यांत त्याचे सुमारे तीन टन खत होते. एका गायीवरच्या कुटुंबालाही हे जमण्यासारखे आहे. कपाशीच्या दर काही ओळींमागे तुरीचा तास, एका हंगामाआड मूग किंवा उडीद, पऱ्हाट्या बारीक करून कुजवणे, ही कामे दोन एकरवाल्यालाही करता येतात. पऱ्हाट्या तुकडे करण्याचे यंत्र गावाने सामायिक घेता येते. फक्त चुलीला दुसरे सरपण हवे, आणि सिलिंडर पुन्हा भरण्याचे पैसे हवेत.

२०१५ पासून जमीन आरोग्यपत्रिका निघाल्या. तिच्यात बारा गोष्टींची नोंद असते. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असेल तर कमी म्हणून लिहिलेले असते. मी शिक्षक. गावातल्या मुलांना ही पत्रिका वाचायला शिकवली तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, यात कसणाऱ्याचं नाव कोठे लिहायचं?" तिचे वडील तीन मालकांची रानं बटाईने करतात. पत्रिकेवर गट क्रमांक होता, मालकाचे नाव होते. बाराच्या बारा रकाने भरलेले होते, आणि तिच्या प्रश्नाला रकाना नव्हता.

म्हणून आपल्या चळवळीने मातीचा प्रश्न आपल्या मागण्यांत घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. बटाईचा करार लेखी असावा आणि किमान तीन पिकांच्या फेऱ्याइतका असावा. जमीन सोडताना घातलेल्या खताची शिल्लक मोजून कसणाराला भरपाई मिळावी. १८८३ साली जे इंग्रज कुळाला मिळाले ते आज पहूरच्या बटाईदाराला मागण्यात अवाजवी काही नाही. भूमिहीनांना दिलेल्या प्रत्येक एकराबरोबर पहिल्या पाच वर्षांचे खत, एक जनावर आणि बांधबंदिस्ती राज्याने द्यावी. १९४७ साली बाबासाहेबांनी लिहिलेले बंधन तेच आहे. रोजगार हमीतून होणारी मृद्संधारणाची कामे आधी गायरानावरच्या आणि वाटप झालेल्या जमिनींवर व्हावीत, नंतर इतरांच्या. आणि शहरातल्या कचऱ्याचे खत करणाऱ्या कामगाराला त्या खताच्या उत्पन्नात वाटा असावा.

आपल्या तरुणांनी गावोगाव याची नोंद करायला घ्यावी. कोणते रान कोण कसतो, त्यात किती वर्षे, किती गाड्या खत कोणी घातले, आणि नंतर ते रान कोणाकडे गेले. सातबाऱ्यावर जे लिहिलेले नाही, ते आपल्या वहीत लिहिले गेले तरच उद्या कोणापुढे मांडता येईल.